साखरपुड्याची अंगठी घेताय? आधी हात बघा, मग दुकान

आपल्या नाशकात साखरपुड्याची तारीख ठरली की आधी हॉल, मग जेवणाचं, मग साड्या, आणि अंगठीचं कोणाला तरी शेवटच्या आठवड्यात आठवतं, की चला रविवारी जाऊन घेऊन येऊ. मग दुकानात काचेखाली जे सगळ्यात जास्त चमकतं ते बोटात येतं. बाकीचे दागिने लग्नाकार्याला लॉकरमधनं निघतात आणि परत आत जातात, पण ही अंगठी रोज घालायची आहे, कणीक मळताना, भांडी घासताना, स्कूटीवर, लॅपटॉपवर, सगळीकडे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की निवड दुकानातनं सुरू करूच नका, जी व्यक्ती घालणार तिच्या हातापासनं सुरू करा. खालचं सगळं पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी लिहितोय. ज्यांच्याकडे पिढीजात सोनार आहे आणि आई-काकू सगळं बघतात त्यांनी बिलाचा भाग तरी वाचा.

पहिलं काम, विचारा

सरप्राइजचं फॅड आलंय खरं, पण ज्याला रोज घालायचंय त्याला न विचारता घेणं मला पटत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत मुलीची अंगठी मुलाकडचे घेतात आणि मुलाची मुलीकडचे, म्हणजे घेणारे एक आणि घालणारे भलतेच, आणि मध्ये दोन आया, एक आत्या आणि एक "आमच्याकडे असंच असतं" म्हणणारे काका. यातनं सुटायचा सोपा मार्ग म्हणजे दोघांनी आधी आपापसात बोलून घ्यायचं आणि मग घरच्यांना सांगायचं. विचारायचं फार काही नाही, पिवळं सोनं आवडतं का पांढरं, खडा हवा का साधी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज घालणार का फक्त समारंभापुरती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "समारंभापुरती" असेल तर खालचे निम्मे नियम सोडून द्या, हवी तेवढी उंच आणि नक्षीदार घ्या.

सरप्राइज द्यायचंच असेल तर तिच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला गाठा. बहिणीला सगळं माहीत असतं, माप पण. आणि ती आत्ता काय घालते ते बघा. कानात बारीक टॉप्स, मनगटात पातळ कडं अशी मुलगी दोन बोटं व्यापणारी अंगठी हौसेने घालणार नाही, दोन महिन्यांत ती डबीत जाते.

बजेटबद्दल एकच सांगतो. पगाराच्या अमुक पट अंगठी हवी असं जे रील्समध्ये ऐकू येतं ते डी बिअर्स या परदेशी हिरे कंपनीच्या जाहिरातींतनं आलेलं आहे, आपल्या कुठल्या रीतीत ते नाही. दोन्ही घरांना न ओढता जमेल तो आकडा ठरवा आणि तो दुकानात पहिल्या पाच मिनिटांत बोलू नका, नाहीतर ट्रे त्याच आकड्यापासनं सुरू होतात आणि वर वर जातात.

आता हात

हा भाग नीट वाचा, कारण दुकानात हे कोणी विचारत नाही.

ती नर्स असेल, डॉक्टर असेल, लॅबमध्ये असेल तर दिवसातनं कितीदा ग्लोव्हज घालायचे-काढायचे असतात, उंच खडा असला की ग्लोव्ह फाटतो, शिवाय सारखे हात धुवायचे आणि खाचेत साबण अडकतो. माझी मावसबहीण नर्स आहे, तिने खडा सोन्यात पूर्ण बसवलेली सपाट अंगठी घेतली आणि ती पण ड्युटीवर गळ्यातल्या चेनमध्ये अडकवते, कारण ऑपरेशन थिएटरमध्ये अंगठी चालतच नाही. अशा लोकांना सोबत एक पातळ चेन घेऊन द्या.

सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत मशीनवर काम करणारा मुलगा असेल तर विषय अजून गंभीर आहे. लेथ, ड्रिल, प्रेस, यांच्याजवळ अंगठी घालून उभं राहायचंच नाही. अंगठी अडकली की बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं, आणि इलेक्ट्रिकचं काम असेल तर धातूतनं करंट आणि चटका वेगळाच. त्यामुळे त्याला अशी अंगठी घ्या जी सहज निघते, आणि शिफ्टमध्ये घालायला सिलिकॉनची साधी रिंग, ती शे-दोनशे रुपयांपासनं मिळते आणि जोर पडला की तुटते, तेच तर हवं असतं. मुलाची अंगठी म्हणजे नेहमी तीच, जाड चौकोनी आणि वर मोठा खडा, असं का कोणास ठाऊक. ऑफिसात बसणाऱ्यालासुद्धा ती कीबोर्डवर लागते. साधं वेढणं किती तरी छान दिसतं.

दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडे द्राक्षबागा असलेल्या घरात लग्न ठरलंय का? मग फवारणी, छाटणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, हे सगळं हाताने असतं. गंधकाच्या फवारणीने चांदी काळी पडते, आणि नक्षीच्या खाचेत औषध बसलं तर ते नंतर भाकरीच्या पिठात. बागेत जाताना अंगठी घरी, हा नियमच करून टाका.

आणि भाकरीवरनं आठवलं, पीठ मळणाऱ्या कोणाच्याही अंगठीत पीठ अडकतं, खास करून नखांनी उचलून धरलेला खडा असतो त्यात. नखं म्हणजे सोन्याचे ते बारीक काटे, दुकानात त्यांना प्रॉन्ग म्हणतात. चार नखांपेक्षा सहा नखांची पकड चांगली, एक झिजलं तरी खडा लगेच पडत नाही. पण केसांत, स्वेटरमध्ये, ओढणीत अडकणार ते अडकणारच. रोज घालायची असेल तर खड्याला सगळ्या बाजूंनी सोन्याची कडा, तिला बेझल म्हणतात, ती मला सगळ्यात शहाणी वाटते. खडा थोडा लहान दिसतो, हे खरं आहे.

बोटाचा आकार पण बघायचा. बोटं आखूड असतील तर लांबट खडा, म्हणजे ओव्हल, बरा दिसतो, रुंद पट्टी बोट अजून आखूड दाखवते. लांब निमुळत्या बोटांना काहीही शोभतं, त्यांचं काय.

धातू

२२ कॅरेट म्हणजे ९१६, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोनं, साध्या अंगठीला उत्तम, पण मऊ असतं. हिरा बसवायचा तर १८ कॅरेट म्हणजे ७५०, नाहीतर १४ कॅरेट म्हणजे ५८५. घरचे म्हणतील १८ कॅरेट म्हणजे कमी सोनं, मोड चांगली येणार नाही. बरोबर आहे, पण २२ मध्ये नखं वाकतात आणि हिरा गेला की मोडीचा हिशेब कोण करत बसणार. हे शांतपणे समजावून सांगा, सोनारकाका पण तेच सांगतील.

व्हाइट गोल्ड हे मुळात पांढरं नसतं, दुसरे धातू मिसळून फिकं केलेलं सोनं आणि वरनं ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा. रोज वापरलं की एक-दोन वर्षांत पिवळसर झाक दिसायला लागते, परत मुलामा द्यावा लागतो. काहींमध्ये निकेल असतं, आणि आर्टिफिशियल कानातल्यांनी ज्यांचे कान खाजतात त्यांना त्याचा त्रास होऊ शकतो, तेव्हा आधी विचारून घ्या. प्लॅटिनम मुळातच पांढरं, ९५० शुद्धतेचं मिळतं, जड असतं, मुलामा लागत नाही, पण घडणावळ महाग आणि माप बदलायला प्रत्येक सोनार तयार होत नाही. रोझ गोल्डमध्ये तांबं जास्त असतं, गव्हाळ रंगावर फार सुंदर दिसतं, हे माझं वैयक्तिक मत.

खडा

हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये, १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. दुकानात "तीस सेंटचा दाखवू का" म्हणतील तो ०.३० कॅरेट. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता आणि हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, यात नवीन माणूस हमखास गोंधळतो.

हिऱ्यात चार गोष्टी बघतात, कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट. माझ्या मते पैसे कटवर घाला. चमक तिथनं येते, चुकीचा कापलेला मोठा हिरा काचेसारखा मेलेला दिसतो. कलर डी पासनं झेड पर्यंत मोजतात, डी म्हणजे अगदी पांढरा, पण पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर जी-एच किंवा त्याच्या थोडा खालचा घेतला तरी डोळ्याला फरक कळत नाही, सोन्याची झाक त्यात मिसळून जाते. क्लॅरिटी म्हणजे आतले बारीक डाग किती कमी ते, त्यात वरच्या व्हीव्हीएस ग्रेडसाठी जीव टाकू नका, त्याखालची व्हीएस पुरे, नीट निवडला तर त्याहून खालचा एसआय पण नुसत्या डोळ्याला स्वच्छ दिसतो. आणि अर्धा कॅरेट, एक कॅरेट अशा गोल आकड्यांना भाव उडी मारतो, त्यामुळे ०.५० ऐवजी ०.४६ बघा, बोटात कोणाला कळणार आहे.

लॅबमध्ये तयार केलेला हिरा, म्हणजे सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीचा, तो खोटा नाही, रचनेने हिराच आहे, आणि नैसर्गिकपेक्षा खूप स्वस्त. पण परत विकायला गेलात तर फार काही हातात येत नाही हे धरून चाला. घालायला घेताय तर बिनधास्त घ्या, ठेव म्हणून घेताय तर सोनं घ्या. मॉइसनाइट हा वेगळाच खडा, आणि अमेरिकन डायमंड म्हणतात तो झिरकोनिया, त्याचा अमेरिकेशी आणि डायमंडशी दोन्हीशी संबंध नाही.

हिरा नैसर्गिक असो की लॅबचा, जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट मागा, त्यावरचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, आणि बऱ्याचदा तोच नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, दुकानदाराकडे दहापट दाखवणारं भिंग असतं, त्यातनं दाखवा म्हणा. सोबत घेऊन गेलेल्या मामांना पण बघू द्या, तेवढंच त्यांना बरं वाटतं.

रंगीत खडा हवा असेल तर माणिक आणि नीलम कठीण असतात, कठीणपणा मोजायच्या मोह्स मापावर ९, हिरा १०. पाचू जरा ठिसूळ, ठोका बसला की चिरतो. मोती तर अगदीच नाजूक, सेंट, सॅनिटायझर, घाम, सगळ्याने त्याचं पाणी जातं, रोजच्या अंगठीला मोती नको. आणि नीलम घेताना घरात एकदा विचारा, तो सगळ्यांना लाभत नाही असं मानणारी घरं खूप आहेत, तुमचा विश्वास असो नसो, साखरपुड्याच्या दिवशी सासूबाईंचा चेहरा पडायला नको.

माप

दोऱ्याने माप घेऊ नका, दोरा ताणला जातो. सोनाराकडे मापाच्या रिकाम्या कड्यांचा जुडगा असतो, तो बोटात घालून बघणं सगळ्यात भरवशाचं, आणि तेवढ्यासाठी सहसा कोणी पैसे घेत नाही. आपल्याकडचा नंबर काढायची सोपी युक्ती म्हणजे अंगठीचा आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्यातनं ४० वजा करायचे. घेर ५२ आला तर नंबर १२, ५४ आला तर १४. तिची अंगठी गुपचूप उचलून आणली असेल तर आतला व्यास मोजा आणि ३.१४ ने गुणा, घेर मिळतो. फक्त ती कोणत्या हाताच्या कोणत्या बोटात घालते ते माहीत पाहिजे, कारण ज्या हाताने आपण काम करतो त्याची बोटं सहसा जरा जाड असतात.

माप कधी घेता यावरही खूप आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ, त्यात निफाडकडचे असाल तर बघायलाच नको, बोटं आकसलेली असतात, तेव्हा घेतलेल्या मापाची अंगठी एप्रिलच्या दुपारी निघता निघत नाही. संध्याकाळी, हात नॉर्मल गरम असताना, दोन वेगवेगळ्या दिवशी माप घ्या. सांध्यावरनं थोडी अडून जायला हवी आणि खाली आल्यावर गरगर फिरायला नको. रुंद पट्टीची घेत असाल तर अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. पूर्ण गोलाला खडे बसवलेली अंगठी असते ना, ती नंतर लहान-मोठी करता येत नाही, तिथे माप चुकलं की संपलं.

घ्यायची कुठे

नाशकात दोन दुनिया आहेत. एक जुना सराफ बाजार, दहीपूल आणि भांडी बाजाराच्या बाजूचा, जिथे घडवणारे कारागीर जवळ असतात, सांगाल तसं करून मिळतं, आजीच्या पाटलीतलं सोनं घालून अंगठी करायची असेल तर तिकडेच जा. दुसरी कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नरकडची मोठी शोरूम, तिथे एसी, पार्किंग, हिऱ्यांची व्हरायटी आणि एक्स्चेंजचे छापील नियम. मला विचाराल तर साधी सोन्याची किंवा घडवून घ्यायची असेल तर सराफ बाजार, सर्टिफिकेटवाला हिरा असेल तर दोन-तीन शोरूम फिरून. बाजारात जाताना गाडी लांब लावून चालत जा, त्या गल्ल्यांत चारचाकी घालणं म्हणजे अर्धा मूड तिथेच जातो. आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातनं पाणी सोडलंय, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडत चाललाय अशी बातमी असेल त्या दिवशी अंगठीचा बेत पुढे ढकला, पूर मोठा असला की गोदावरीचं पाणी सराफ बाजारात येतं.

दुकान कोणतंही असो, अंगठी बाहेर उजेडात नेऊन बघायला मागा. दुकानातल्या लाइटखाली सगळंच चमकतं. नाही म्हणाले तर एक माणूस सोबत द्या म्हणा, दारापर्यंत तर येतील.

बिल

आता पैशाचं. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कच्या तीन खुणा बघायच्या, बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता, म्हणजे २२के९१६ किंवा १८के७५० असं, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा कोड. १ एप्रिल २०२३ पासनं हा एचयूआयडी असलेलाच हॉलमार्क चालतो. फोनवर बीआयएस केअर ॲप घ्या, तो कोड टाका, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता येते, दुकानात बसल्या बसल्या करा, यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण अशी की २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि हलक्या अंगठ्या नेमक्या तिथेच येतात. शक्य असेल तर २ ग्रॅमच्या वरची घ्या. "हॉलमार्क नाही पण केडीएम आहे" याला भुलू नका, ती सोन्याला डाग देण्याची, म्हणजे जोड लावायची जुनी पद्धत, शुद्धतेची हमी नाही.

हिशेब असा करा. सोपं पडावं म्हणून धरा की २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १ लाख आहे, खरा भाव त्या दिवशीचा बघा. १८ कॅरेट म्हणजे त्याचे ७५ टक्के, ग्रॅमला ७,५०० रुपये. अंगठीत निव्वळ सोनं ३ ग्रॅम, म्हणजे २२,५००. घडणावळ १५ टक्के धरली तर ३,३७५. हिरा २०,०००. बेरीज ४५,८७५, त्यावर ३ टक्के जीएसटी १,३७६, झाले साधारण ४७,२५१. हॉलमार्किंगचे थोडे रुपये वेगळे. आता यात तीन जागा बघायच्या. एक, खड्याचं वजन सोन्यातनं वजा केलंय का, नाहीतर तुम्ही खडा सोन्याच्या भावाने घेताय. दोन, १८ कॅरेटला २२ चा भाव लावलाय का. तीन, घडणावळ टक्क्यांत आहे का ग्रॅमला अमुक अशी, आणि तिच्यावर घासाघीस करा, सोन्याचा भाव कमी होत नाही पण घडणावळ होते, लग्नसराईत सुद्धा. "घडणावळ शून्य" अशी पाटी दिसली तर बाकीचे आकडे जास्त बारकाईने वाचा.

पक्कं बिल घ्याच. त्यावर निव्वळ वजन, शुद्धता, हिऱ्याचं वजन आणि ग्रेड, घडणावळ, सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. माप बदलून द्यायचे पैसे, परत घेताना किती टक्के कापणार, हे पण त्याच बिलावर लिहून घ्या, तोंडी शब्द माणूस बदलला की बदलतो.

वेळ

घडवून घ्यायची असेल तर साखरपुड्याच्या निदान महिनाभर आधी ऑर्डर द्या. तुळशीचं लग्न झालं की कारागिरांना मान वर करायला वेळ नसतो, आणि दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया, या दिवशी निवांत दाखवायला कोणी मोकळं नसतं, मुहूर्त साधायचा असेल तर आधी पसंत करून ठेवा आणि त्या दिवशी फक्त पैसे देऊन उचला. पितृपक्षात बरेच जण खरेदी टाळतात, म्हणजे बघायला आणि प्रश्न विचारायला तोच काळ सगळ्यात चांगला. काही घरांत सिंहस्थात लग्न करत नाहीत, आता २०२७ चा कुंभ येतोय, त्यामुळे अशा घरांची घाई आणि शहरातली गर्दी दोन्ही धरून बेत करा.

अंगठी हातात आली की त्याच दिवशी घालून बघा, आठवडाभर आधी तरी, म्हणजे अर्धा नंबर इकडे-तिकडे करायला वेळ राहतो. नख हलतंय का ते बघायला कानाजवळ धरून हळूच टिचकी मारा, खडखड आवाज आला तर परत द्या. डबी कोणाकडे राहणार ते आधीच ठरवा, नवऱ्या मुलाच्या खिशात नको, त्याला त्या दिवशी दहा लोक मिठ्या मारत असतात. आणि स्टेजवर बोटात जाईना तर फोटोग्राफर थांबलाय म्हणून जोर लावू नका, करवलीच्या पर्समध्ये थोडं हँड लोशन ठेवायला सांगा, सांध्याला लावलं की जाते.